ट्रॅक-डेसाठी आपली गाडी न्यावी की तिथली भाड्याने घ्यावी?

रत्नागिरीहून कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक-डेसाठी, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर हौशी लोकांना गाडी चालवता येते त्या दिवसासाठी, जाण्याचे दोन्ही प्रकार मी गेल्या दोन हिवाळ्यांत करून पाहिले आहेत. पहिल्या वर्षी माझी जुनी टर्बो-पेट्रोल हॅचबॅक चालवत नेली. दुसऱ्या वर्षी हेल्मेट आणि पातळ तळव्याचे बूट पिशवीत घालून कोकण रेल्वेने गेलो आणि तिथली सिंगल-सीटर, म्हणजे एकाच माणसाची शर्यतीची गाडी, भाड्याने घेतली. कणकवली-कुडाळकडचे काही परिचित यंदा याच पेचात आहेत, म्हणून हे लिहितो. मी निव्वळ हौशी चालक आहे आणि लॅपची वेळ कधी मोजलेली नाही. तेव्हा पुढील मतांमागे आकडे कमी आणि उजव्या पायाला जे जाणवले तेच अधिक आहे.

प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आंबा घाट चढून कोल्हापूर आणि पुढे बेळगाव, हुबळी, बंगळूर, सेलम असा हा रस्ता सुमारे अकराशे किलोमीटरचा पडतो. दोन दिवसांत आरामात होतो आणि आपली गाडी हाती असेल तर हा प्रवास हाच निम्मा आनंद असतो, हे मान्य केले पाहिजे. रेल्वेने मंगळूर, शोरणूर, पालघाट अशा मार्गाने झोपून जाता येते. त्यात आनंद कमी असला तरी दुसऱ्या दिवशी पाठ शाबूत असते.

आपली गाडी नेण्याच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट अशी, की तिथे शिकलेले सारे घरी परत येते. वळणाआधी नजर कुठवर न्यावी, स्टिअरिंग किती हळू सोडावे, अॅक्सिलरेटरवरून पाय अचानक काढला तर मागची बाजू कशी हलकी होते, हे ज्या गाडीत कळले त्याच गाडीने आपण उद्या हातखंब्याला जाणार असतो. शिवाय ट्रॅकवर वेळही अधिक मिळतो. वीस-वीस मिनिटांची सत्रे सर्वांना सारखीच असली, तरी भाड्याच्या गाडीत त्यातली पहिली काही मिनिटे क्लच कुठे उचलतो हे शोधण्यातच जातात.

असे असूनही माझा कौल बदलला तो ब्रेक ऑइलमुळे.

हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, हे आपण सर्व जाणतो. पण कोकणात राहणाऱ्याने ते जरा अधिक गांभीर्याने घ्यावे असे मला आता वाटते. ताज्या डॉट 4 दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि साधारण पावणेचार टक्के पाणी मुरले की तो 155 अंशांपर्यंत उतरला तरी ते ऑइल प्रमाणात बसते. आमच्याकडे चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो. मी ऑइल बदलले होते, परंतु ते पावसाळ्यापूर्वी. आणि डिसेंबरात तेच ऑइल घेऊन निघालो. रस्त्यावर, अगदी घाटातही, काहीच जाणवले नाही.

करीचा ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा आहे. श्रीपेरुम्बुदूरजवळच्या मद्रासच्या ट्रॅकची लांबी 3.7 किलोमीटर आहे आणि ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तर एक सरळ पट्टीच किलोमीटरभर लांब आहे. लांब पट्टीवर वेग अधिक गाठला जातो हे खरे, पण त्या पट्टीत ब्रेकना वारा तरी लागतो. करीवर एक वळण संपेपर्यंत दुसरे समोर उभे असते. तिसऱ्या सत्राच्या शेवटी, मुख्य पट्टीच्या टोकाला मी नेहमीच्या ठिकाणी ब्रेक दाबला आणि पेडल मऊ लागून नेहमीपेक्षा दोन बोटे अधिक खाली गेले. पॅड तापून पकड सोडतात तेव्हा पेडल घट्टच राहते, फक्त गाडी थांबत नाही. ऑइल उकळते तेव्हा नळ्यांत वाफ होते आणि पाय त्या वाफेलाच दाबत बसतो. दोन-तीनदा पंप मारल्यावर ब्रेक लागला, गाडी ट्रॅकवरच राहिली, कुणाला काही झाले नाही. एक फेरी ब्रेकला पाय न लावता थंड करून मी पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे, आलो आणि हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये उभी केली. शेजारच्या एका सद्गृहस्थांनी पेडलवर पाय ठेवला, मी चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली आणि उसन्या बाटलीतले ऑइल भरले. पेडल पुन्हा बऱ्यापैकी घट्ट झाले.

खरा त्रास त्यानंतरचा आहे आणि तो यंत्राचा नव्हता. उरलेल्या सत्रांत मी प्रत्येक वळणाआधी वीस पावले लवकर ब्रेक लावत राहिलो, कारण डोळ्यांसमोर समोरचे वळण नव्हतेच, आंबा घाटाचा उतार होता. हीच गाडी मला अकराशे किलोमीटर मागे न्यायची होती आणि सोमवारी ऑफिसला याच गाडीने जायचे होते. त्यात नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, म्हणजे ट्रॅकवर काही घडले तर तो खर्च आपल्याच खिशातला धरावा. ज्या गोष्टीसाठी एवढ्या दूर आलो ती मी अर्धीच करीत होतो, आणि परतीच्या वाटेवर साखरपा येईपर्यंत सतत पेडल चाचपत राहिलो.

दुसऱ्या वर्षीच्या सिंगल-सीटरबद्दल माझी तक्रार नाही असे नाही. सीट माझ्या मापाची नव्हती, पाठीमागे स्पंज कोंबावा लागला, आणि दोन्ही गुडघ्यांवर आठवडाभर निळे डाग होते. नुकसान झाल्यास अनामत रक्कम जाते, आणि ती हलकी नसते. ब्रेकला ना पायाचा जोर वाढवणारा बूस्टर ना चाक लॉक होऊ न देणारे एबीएस, पेडल दगडासारखे. पण याच दगडाने मला जे शिकवले ते माझ्या गाडीने शिकवले नसते. पहिल्या सत्रात दोनदा पुढचे चाक लॉक झाले, टायरचा धूर थेट नाकात गेला, आणि तिसऱ्यांदा मी आधी पूर्ण जोर देऊन मग वळताना हळूहळू पाय सैल करायला लागलो. घरी परत न्यायची चिंता नसल्यामुळेच मी ते धाडस केले, असे माझे प्रामाणिक मत आहे. जाता जाता सांगावेसे वाटते, की ज्यांच्या नावाने हा ट्रॅक ओळखला जातो त्या करिवर्धन यांनी मारुती 800 चे इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती ही स्वस्त सिंगल-सीटर घडवली होती. सामान्य हौशी माणसाला परवडेल अशी शर्यतीची गाडी हवी, हा विचार त्यामागे होता. 1995 साली विमान अपघातात ते गेले आणि ट्रॅक त्यानंतर 2003 मध्ये उभा राहिला.

खर्चाचा हिशेब मी मुद्दाम मांडत नाही, कारण पेट्रोल, टोल, दोन मुक्काम, टायरची झीज आणि नवे पॅड धरल्यावर माझ्यापुरते दोन्ही पारडे जवळपास सारखेच उतरले. ज्यांच्याकडे रोजच्या वापराची दुसरी गाडी आहे, किंवा जे मित्रांसोबत दोन-तीन गाड्यांचा ताफा करून जाणार आहेत, त्यांना माझे म्हणणे कदाचित लागू पडणार नाही. परतताना एखादी गाडी मागे राहिली तरी माणसे घरी पोचतात. एकुलत्या एक गाडीचा मालक मात्र यंदा रेल्वेचे तिकीट पाहायला हरकत नाही. मी स्वतः जानेवारीचे आरक्षण करून ठेवले आहे.

तरीही आपलीच गाडी न्यायची असेल, तर ऑइल दिवाळीनंतर, निघण्याच्या आठवड्यात बदलावे आणि शक्य असल्यास डॉट 5.1 घालावे, कारण त्याची मर्यादा ताजे असताना 260 आणि ओले झाल्यावर 180 अंश आहे. सोबत एक न उघडलेली बाटली ठेवावी. उघडलेली अर्धी बाटली गॅरेजच्या फळीवर पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नये. आमच्या हवेत तिचे काय होते ते मी वर सांगितलेच आहे.