एका नोंदीवरून खगोल शब्दकोशाची पारख

खगोलशास्त्रातील संज्ञांचे मराठी अर्थ देणारा एक मोबाइल शब्दकोश मी गेले दोन महिने लेख तपासताना रोज वापरत आहे. अख्ख्या कोशाचे परीक्षण इथे शक्य नाही. त्यामुळे ‘सुपरनोव्हा रेम्नंट’ (सुपरनोव्हा, म्हणजे अतिनवतारा, हा ताऱ्याचा प्रचंड स्फोट) ही मी सर्वाधिक वेळा उघडलेली एकच नोंद घेऊन त्याबद्दल लिहीत आहे.

कोशाने दिलेला अर्थ असा आहे : ‘अतिनवताऱ्याचा अवशेष, स्फोटानंतर उरलेला तारा किंवा त्याचा भाग.’ पहिला अर्धा भाग बरोबर आहे, पण दुसऱ्या अर्ध्याने सगळा घोळ केला आहे. या संज्ञेने खगोलशास्त्रज्ञ उरलेला तारा दाखवत नाहीत, तर स्फोटात बाहेर फेकले गेलेले द्रव्य, त्यापुढे धावणारा आघाततरंग आणि त्या तरंगाने वाटेत गोळा केलेला, तापवलेला आंतरतारकीय वायू या साऱ्यांचा मिळून झालेला विस्तारणारा ढग दाखवतात. वृषभ राशीतील क्रॅब अभ्रिकेत (अभ्रिका म्हणजे अवकाशातील वायू-धुळीचा ढग) हा फरक स्पष्ट दिसतो. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटातून ती निर्माण झाली. तिच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा (स्फोटानंतर उरलेला ताऱ्याचा अतिघन गाभा) आहे आणि त्याचा व्यास जेमतेम २० किलोमीटर आहे, तर भोवतीचा ढग सुमारे ११ प्रकाशवर्षे पसरलेला आहे. कोशाच्या अर्थाप्रमाणे चालले, तर वाचक त्या २० किलोमीटरच्या ताऱ्यालाच अवशेष समजेल.

१५७२ साली टायको ब्राहे यांनी शर्मिष्ठा तारकासमूहात पाहिलेल्या स्फोटाच्या बाबतीत तर हा अर्थ पूर्णच कोसळतो. तिथे श्वेत बटू ताराच (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घन गाभा) संपूर्ण नष्ट झाला आणि मागे न्यूट्रॉन तारा राहिला नाही; तरीही फुगत चाललेले त्याचे कवच क्ष-किरणांत आणि रेडिओ लहरींत आजही स्पष्ट दिसते आणि त्याला निःशंकपणे अतिनवतारा अवशेष म्हटले जाते.

खरे तर ‘अवशेष’ हा शब्दच इथे जपून वापरावा लागतो. किल्ल्याचे अवशेष म्हटले की जागच्या जागी पडून राहिलेले दगड डोळ्यांसमोर येतात; हा अवशेष मात्र सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पसरू लागतो आणि हजारो वर्षांत हळूहळू मंदावत जातो. हंस तारकासमूहातील व्हेल (Veil, म्हणजे बुरखा) अभ्रिका सुमारे १० ते २० हजार वर्षे जुनी मानली जाते आणि तिचे संपूर्ण वर्तुळ आकाशात पूर्णचंद्राच्या सुमारे सहापट रुंद आहे. इतक्या वयाच्या अवशेषात मूळ ताऱ्याच्या द्रव्यापेक्षा वाटेत गोळा झालेला वायूच अधिक असतो. म्हणून ‘ताऱ्याची राख’ हा लेखांमधून वारंवार येणारा प्रतिशब्दही मला अपुरा वाटतो. ‘अवशेष’ हाच शब्द ठेवावा, पण व्याख्येत तो ढग आहे आणि तो पसरतो आहे, एवढे तरी सांगावे, असे माझे मत आहे.

वापराची उदाहरणे दोन आहेत. क्रॅब अभ्रिकेचे वाक्य निर्दोष आहे. दुसऱ्या वाक्याखाली मात्र स्वरमंडल तारकासमूहातील कड्याच्या आकाराच्या बिंबाभ्रिकेचे छायाचित्र होते. ती अभ्रिका सूर्यासारख्या ताऱ्याने स्फोटाविना, शांतपणे टाकून दिलेल्या बाह्य थरांची आहे. नवशिक्यांची नेमकी हीच चूक होते आणि कोशाने ती पक्की केली. कवचासारखे, मध्यभागी भरलेले आणि संमिश्र असे अवशेषांचे प्रकारही नोंदीत नाहीत. निदान त्यांची नावे तरी हवी होती.

कौतुकाच्या गोष्टीही आहेत. ‘एसएनआर’ हे लघुरूप शोधले असता कोश अतिनवतारा अवशेष आणि संकेत-गोंगाट गुणोत्तर (हवा असलेला संकेत आणि त्यात मिसळलेला गोंगाट यांचे प्रमाण) हे दोन्ही अर्थ वेगवेगळे दाखवतो. निरीक्षणांवरील लेखात हे लघुरूप दोन्ही अर्थांनी एकाच परिच्छेदात येऊ शकते, त्यामुळे ही सोय मला खरोखर उपयोगी पडली. उच्चार स्पष्ट आहेत आणि इंटरनेट नसतानाही कोश चालतो. मात्र जुन्या मराठी लेखनातील ‘अतिदीप्त नवतारा’ हा शब्द टाकला की काहीच सापडत नाही. जुने लेख वाचणाऱ्याला त्यामुळे दोन्ही संज्ञा एकच आहेत, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

वरच्या दोन्ही चुका मी नोंदीखालच्या दुरुस्तीच्या बटणावरून कळवल्या होत्या. पुढच्या आवृत्तीत छायाचित्र बदलले. व्याख्या अजून तशीच आहे. ती बदलेपर्यंत उच्चारासाठी आणि लघुरूपांसाठी हा कोश अवश्य वापरावा, पण या नोंदीतील अर्थ मात्र जसाच्या तसा उचलू नये.