टॉमकॅटवर एकच ॲप्लिकेशन थेट डोमेनवर चालवायचं, तर तो किती सोयीचा?

डोमेन टाकलं की आपलं ॲप्लिकेशन उघडावं, मागे वॉर फाईलचं (जावा वेब ॲप्लिकेशन बांधून येतं ती झिप फाईल) नाव चिकटू नये. या एका कामासाठी अपाची टॉमकॅट हा जावा वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर कसा आहे, तेवढंच इथे पाहू. आवृत्त्या ९, १०.१ आणि ११ धरल्या आहेत. या बाबतीत तिन्हींचं वागणं जवळपास सारखं आहे.

काम होतं, आणि पक्कं होतं. पण सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक जण चुकीच्या फाईलमध्ये उत्तर शोधतो. टॉमकॅटच्या लेखी फाईलचं नाव हाच पत्ता. वेबॲप्स फोल्डरमध्ये वाचनालय.वॉर टाकली की ॲप्लिकेशन '/वाचनालय' वर येतं. नावात एक हॅश (#) घातला, तर त्याची तिरकी रेघ होते. आणि फाईलचं नाव रूट ठेवलं, चारही इंग्रजी अक्षरं कॅपिटल (ROOT), तर पत्ता रिकामा, म्हणजे थेट डोमेन. अक्षरं लहान राहिली तर विंडोजवरसुद्धा चालत नाही. ॲप्लिकेशन '/रूट' वर जाऊन बसतं आणि डोमेनवर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', दिसतो.

पहिली वाट हीच: वॉरचं नाव रूट.वॉर करा आणि वेबॲप्समध्ये टाका. सोपी आहे, पण नवख्याचा अर्धा दिवस इथेच जातो. टॉमकॅट डाउनलोड केला की त्यात रूट नावाचा फोल्डर आधीच असतो. ते मांजराच्या चित्राचं स्वागताचं पान त्यातच आहे. तुम्ही शेजारी रूट.वॉर ठेवता, सर्व्हर रीस्टार्ट करता, लॉगमध्ये डिप्लॉयमेंट (ॲप्लिकेशन सर्व्हरवर चढवणं) पूर्ण झाल्याची ओळ येते, आणि ब्राउझरमध्ये पुन्हा तेच मांजर. कारण असं: वॉर उलगडताना टॉमकॅट त्या फोल्डरच्या मेटा-इन्फ या उपफोल्डरमध्ये वॉर-ट्रॅकर नावाची एक फाईल ठेवतो आणि पुढच्या वेळी तिची वेळ वॉरच्या वेळेशी ताडून पाहतो. वेळ जुळली नाही तर जुना फोल्डर काढून नवा उलगडतो. पण ट्रॅकर फाईलच नसेल, तर 'फोल्डर आहे, काम झालं' असं मानून पुढे जातो. डाउनलोडसोबत आलेल्या रूट फोल्डरमध्ये ती नसते. म्हणून सर्व्हर बंद करा, रूट फोल्डर पूर्ण उडवा, मग वॉर ठेवा. डॉक्स आणि एक्झाम्पल्स हे फोल्डरही त्याच हाताने काढा, प्रॉडक्शनवर त्यांचं काही काम नाही. टॉमकॅटच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये वेबॲप्स रिकामाच येतो, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

चालू सर्व्हरवर वॉर थेट वेबॲप्समध्ये कॉपी करू नका. टॉमकॅट दर १० सेकंदांनी फोल्डर तपासतो. शंभर-दीडशे एमबीची फाईल नेटवर्कवरून हळूहळू येत असेल, तर अर्धवट वॉर उचलली जाते आणि झिप उघडता येत नाही म्हणून लॉगमध्ये बोंब. आधी त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये आणा, मग मूव्ह करा. मूव्ह एका झटक्यात होतं.

दुसरी वाट जास्त चांगली, विशेषतः जिथे दर महिन्याला रिलीज जातं. सगळ्या वॉरना रूट हे एकच नाव दिलं की सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे ते नावावरून कळत नाही. त्यापेक्षा वाचनालय-४.२.वॉर ही फाईल वेबॲप्सच्या बाहेर, ऑप्ट (/opt) खाली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मग कॉन्फ, त्यात कॅटालिना, त्यात लोकलहोस्ट या फोल्डरमध्ये रूट.एक्सएमएल बनवा. आत एकच कॉन्टेक्स्ट टॅग (एका ॲप्लिकेशनच्या सेटिंगचा), आणि त्याच्या डॉकबेसमध्ये वॉरचा पूर्ण पत्ता. त्या टॅगमध्ये पाथ (ॲप्लिकेशनचा पत्ता) लिहू नका. पत्ता इथेही फाईलच्या नावावरूनच ठरतो. डॉकबेस वेबॲप्सच्या आतला दिला, तर टॉमकॅट लॉगमध्ये इशारा देऊन तो सोडून देतो. बाहेरची वॉरसुद्धा उलगडते वेबॲप्समधल्या रूट फोल्डरमध्येच, तेव्हा जुना फोल्डर याही वाटेने आधी हटवायचाच. पुढच्या रिलीजला डॉकबेसमध्ये ४.२ चं ४.३ करा, अडचण आली तर परत ४.२. जुनी वॉर जागेवरच असते, त्यामुळे माघार घ्यायला मिनिटही लागत नाही.

तिसरी वाट टाळाच. सर्व्हर.एक्सएमएल या टॉमकॅटच्या मुख्य सेटिंग फाईलमध्ये होस्ट टॅगच्या आत कॉन्टेक्स्ट लिहायचा, पाथ रिकामा ठेवायचा आणि डॉकबेस 'वाचनालय' द्यायचा. जुन्या लेखांमध्ये हेच सापडतं आणि ते चालतंही, म्हणूनच घात होतो. वॉर वेबॲप्समध्ये आहे आणि ऑटोडिप्लॉय (वेबॲप्समधलं ॲप्लिकेशन आपोआप चढवणं) चालू आहे, त्यामुळे ॲप्लिकेशन दोनदा चढतं: एकदा रिकाम्या पत्त्यावर, एकदा '/वाचनालय' वर. मेमरी दुप्पट, डेटाबेसची कनेक्शन दुप्पट, आणि रात्रीचा जॉब दोनदा चालल्यामुळे मुदत संपल्याची ईमेल सभासदांना दोन-दोन. शिवाय सर्व्हर.एक्सएमएल फक्त सुरू होताना वाचली जाते. एक ओळ बदलायला अख्खा सर्व्हर खाली घ्यावा लागतो. टॉमकॅटचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनही इथे कॉन्टेक्स्ट लिहू नका असंच सांगतं. त्याच फाईलमधला डीफॉल्टहोस्ट पाहून पुष्कळांची गल्लत होते. अनोळखी डोमेननावाने आलेली विनंती कोणत्या होस्टने घ्यायची एवढंच तो ठरवतो. ॲप्लिकेशन निवडत नाही.

टॉमकॅटची एक उणीव खरोखर खटकते. ॲप्लिकेशन स्वतःचा पत्ता स्वतःसोबत नेऊ शकत नाही. वाइल्डफ्लाय या दुसऱ्या जावा सर्व्हरमध्ये वॉरच्या आतल्या जेबॉस-वेब.एक्सएमएलमध्ये कॉन्टेक्स्ट-रूट म्हणून एक तिरकी रेघ लिहिली की झालं, फाईलचं नाव काहीही असो. टॉमकॅटमध्ये मेटा-इन्फच्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये पाथ लिहून काही होत नाही. जेटी हा आणखी एक जावा सर्व्हरही नावावरूनच पत्ता ठरवतो, पण लहान-मोठ्या अक्षरांचा हट्ट धरत नाही.

याची भरपाई करणारी सोय म्हणजे एकाच पत्त्यावर दोन आवृत्त्या शेजारी चालवणं. रूटनंतर दोन हॅश आणि आकडा असं वॉरचं नाव द्यायचं. लॉगिन असलेले लोक त्यांचं सेशन संपेपर्यंत जुन्या आवृत्तीवर राहतात, नवे थेट नव्यावर. आकड्यांची तुलना मात्र अक्षरांसारखी होते, म्हणून १० हा ९ च्या आधीचा ठरतो. ००९, ०१० असे शून्य लावूनच आकडे द्या. दोन्ही आवृत्त्या एका वेळी मेमरीत बसतील एवढी जागा ठेवा, आणि सर्व्हर.एक्सएमएलमधल्या होस्ट टॅगवर अनडिप्लॉय-ओल्ड-व्हर्जन्स चालू करा, नाहीतर जुन्या आवृत्त्या साचत जातात.

पत्ता रिकामा झाला की ॲप्लिकेशनमधल्या जुन्या चुका वर येतात. पान उघडतं पण रंग नाहीत, चित्रं नाहीत: कोणीतरी लिंकमध्ये '/वाचनालय' हाताने लिहून ठेवलेलं असतं. कोडमधून कॉन्टेक्स्ट पाथ विचारला, तर रूटसाठी रिकामी स्ट्रिंग येते, तिरकी रेघ येत नाही. जिथे 'पाथ अधिक लॉगिन' असं रेघेशिवाय जोडलंय, तिथे लिंक तुटते.

टॉमकॅटच्या पुढे एनजिनएक्स (विनंत्या घेऊन मागे पाठवणारा वेब सर्व्हर) असेल, तर रूटवर चालवण्याचा खरा फायदा तिथे मिळतो: विनंती जशी आली तशी टॉमकॅटच्या ८०८० पोर्टकडे सरकवायची, पाथ बदलणं नाही, कुकीचा पाथ दुरुस्त करणं नाही. एचटीटीपीएस एनजिनएक्सवरच संपत असेल तर टॉमकॅटमध्ये रिमोट-आयपी व्हॉल्व्ह (मूळ विनंतीची माहिती हेडरमधून वाचणारा भाग) लावा आणि एनजिनएक्सकडून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर पाठवा, नाहीतर लॉगिननंतरचं रीडायरेक्ट साध्या एचटीटीपीवर जातं. त्या व्हॉल्व्हसाठी सर्व्हर.एक्सएमएल खुशाल उघडा.

सगळं बरोबर केलं, लॉगमध्ये एरर नाही, तरी ४०४ येत असेल, तर आवृत्ती बघा. १० पासून वेबसाठीच्या जावा कोडमध्ये जावाएक्स (javax) नावाच्या पॅकेजेसच्या जागी जकार्ता (jakarta) ही पॅकेजेस आली. जुन्या वॉरमधली ॲनोटेशनवाली सर्व्हलेट (कोडमध्येच पत्त्याची खूण लिहिलेले, विनंतीला उत्तर देणारे जावा क्लास) टॉमकॅट १० ला दिसतच नाहीत, आणि तो तक्रारही करत नाही. अशी रूट.वॉर वेबॲप्स-जावाईई नावाचा फोल्डर करून त्यात ठेवा. टॉमकॅट ती बदलून वेबॲप्समध्ये आणतो. ते नको असेल तर ९ वरच चालवा.