एडी हॅपगुडचं आत्मचरित्र: जुनं आहे, पण मिळालं तर सोडू नका

आर्सेनल हा लंडनचा फुटबॉल क्लब आणि इंग्लंडची टीम, दोन्हींचा कॅप्टन एडी हॅपगुड, त्याचं १९४५ चं हे पुस्तक सेकंडहँड मिळालं, पानं पिवळी पडलीयेत पण हातातून सुटत नाही. ब्रिस्टलमध्ये दूध टाकणारा हडकुळा पोरगा, १९२७ ला मॅनेजर चॅपमनने आर्सेनलमध्ये आणला आणि पुढे पाच वेळा इंग्लिश लीग जिंकला! १९३४ ची हायबरीवरची (आर्सेनलचं तेव्हाचं मैदान) इटलीविरुद्धची मॅच तर काय सांगू, नाक मोडलं तरी गडी परत मैदानात आला, इंग्लंड ३-२ जिंकलं. पण १९३८ ला बर्लिनमध्ये जर्मनीविरुद्धच्या मॅचआधी इंग्लंडच्या टीमला नाझी सलाम करायला लावला ते वाचताना पोटात कालवतं, कॅप्टन म्हणून त्याला ते अजिबात नको होतं. मॅच मात्र ६-३ मारली. निवृत्तीनंतरची पैशाची ओढाताण यात नाही, ती पुढची गोष्ट, तेवढी चुटपुट राहते.