जुन्या व्हॅनची सकाळची खडखड: नाव ऑइलचं, गुन्हेगार फिल्टर

आधी राग काढून घेतो, मग ऑइलकडे वळतो.

व्हॅन जुनी. पेट्रोल, हायड्रॉलिक टॅपेट (इंजिनाच्या वरच्या भागातले, व्हॉल्व्ह ढकलणारे, ऑइलच्या दाबाने भरलेले छोटे भाग), टायमिंग चेन आणि इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे इंजिनाची प्रत्येक कुरकुर थेट मांडीखालून ऐकू येते. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारल्यावर पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड, काही सेकंदांनी ती विरून जायची. दुपारी अर्धा तास थांबून पुन्हा चालू केली तर काही नाही. गॅरेजचं निदान तयारच होतं: "टॅपेट गेलेत, हेड खोलावं लागेल, सगळा सेट टाकू." गेज लावून आधी ऑइल प्रेशर बघा म्हटलं, तर म्हणे आवाजावरूनच कळतं. हेडचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग खोलण्याचा, खर्च ऐकला आणि ठरवलं, आधी ऑइल बदलून बघू. स्वस्तातलं स्वस्त औषध ते.

पहिल्यांदा २०डब्ल्यू-५० टाकलं. जुन्या गाडीला जाड ऑइल, हा सल्ला कुणीही देतो, आणि उन्हाळ्यात तो पटलाही. तापलेल्या इंजिनाची सिग्नलवरची टिकटिक स्पष्ट कमी झाली. यात जादू नाही. ग्रेड म्हणजे शेवटचा आकडा, तापल्यावरच्या जाडीचा: १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडचं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्समध्ये (जाडीचं माप) असतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९ मध्ये. झिजलेल्या फटींमधून आणि टॅपेटमधून जाड ऑइल सावकाश निसटतं, म्हणून आवाज दबतो. तेव्हा मी याला पाचपैकी साडेचार दिले असते.

थंडी पडली आणि साडेचारचे अडीच झाले. सकाळची खडखड कमी व्हायच्याऐवजी लांबली. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा असतो: २०डब्ल्यूची क्रँकिंग (थंड इंजिन फिरवण्याची) चाचणी उणे १५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, आणि तिथेही ५डब्ल्यूला घट्टपणाची मर्यादा जास्त कडक आहे. थंड, जाड ऑइल वर टॅपेटपर्यंत पोचायला वेळ लावणारच. मग खिशाला चिमटा काढून ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक भरलं, डब्यावर एसीईए ए३/बी४ (ऑइलचं युरोपीय मानक) बघून, म्हणजे तापल्यावरही फार पातळ होणारं नको. (मॅन्युअलमध्ये ४० ग्रेड चालतो हे आधी तपासलं. तुमच्यात चालत नसेल तर नाही.) खडखड थोडी आखडली, पण गेली नाही. आणि एवढ्या किमतीत 'थोडी' मला चालत नाही.

इथून खरी गोष्ट सुरू होते. खडखड फक्त रात्रभर उभ्या गाडीची, दुपारची नाही. म्हणजे रात्रीत ऑइल कुठून तरी खाली उतरतंय. फिल्टरच्या आत, बाहेरच्या भोकांच्या मागे, रबराची एक गोल झडप असते: अँटी ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. इंजिन बंद झालं की फिल्टर आणि गॅलरीतलं (इंजिनातल्या ऑइलच्या वाटांमधलं) ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या टाकीत, परत जाऊ नये एवढंच तिचं काम. ज्या इंजिनात फिल्टर तोंड वर करून उभा बसतो तिथे ही झडप सुमार असली तरी फारसं बिघडत नाही. माझा बसतो आडवा.

नवं कोरं महागडं ऑइल काढून टाकायला जीव होईना. म्हणून रात्रभर गाडी सपाटीवर उभी ठेवून सकाळी चालू न करता फक्त फिल्टर खोलला. आडव्या फिल्टरमध्ये ऑइल अडून राहिलेलं असायला हवं, ते भळभळ सांडायला हवं होतं. निघालं चमचाभर. झडपेला बोथट काडी लावली तर ती ढिम्म हलेना, रबर कडक झालेलं. साधं नायट्राइल रबर उष्णतेने असं होतं, सिलिकॉन थंडीत आणि उष्णतेत लवचिक राहतं. सिलिकॉन झडपेचा फिल्टर बसवला, सीलला ऑइलचं बोट फिरवलं, सील टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, आणि कमी झालेलं तेच ऑइल वरून भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खडखड नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ऑइल तेच, बदललं फक्त फिल्टर, त्यामुळे वादाला जागा नाही.

जुना फिल्टर घेऊन गॅरेजमध्ये गेलो. उत्तर: "आटे बसतात ना, मग चालतो." नाही चालत! आटे जुळले तरी बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला तर ऑइलला वळसा देणारा) किती दाबाला उघडतो ते प्रत्येक इंजिनाप्रमाणे वेगळं, आणि काही इंजिनांत तो ब्लॉकमध्येच असतो, फिल्टरमध्ये नसतोच. बिलावर नुसतं 'फिल्टर १ नग'. आता फिल्टर मी स्वतः नेतो, आणि यावरून दर वेळी गॅरेजवाल्याचं तोंड वाकडं होतं ते बघत उभा राहतो.

रंगावर मात्र जाऊ नका. नारिंगी म्हणजे सिलिकॉन हा समज चुकीचा, नायट्राइललाही रंग देता येतो. दुकानातच भोकातून स्वच्छ बोथट काडीने हलकं दाबून बघा, मऊ दबून लगेच परत आली पाहिजे. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

पुढच्या बदलाला ऑइल मुद्दाम स्वस्त घेतलं, सेमी सिंथेटिक १०डब्ल्यू-४०, फिल्टर तोच चांगला. सकाळी तितकीच शांत. फुल सिंथेटिकचे फायदे असतील, माझ्या आवाजाच्या तक्रारीत त्यांचा वाटा नगण्य. पातळी मात्र डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे नेऊ नका; जास्तीचं ऑइल फेसाळतं आणि आत हवा शिरलेले टॅपेट पुन्हा वाजतात. आवाज घालवणाऱ्या काकवीसारख्या बाटल्या मी घेतल्या नाहीत, त्या बहुतेक ऑइल जाडच करतात. आणि चढावर जोर दिल्यावर खालून जड ठोका येत असेल किंवा ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर हे सगळं सोडा आणि प्रेशर मोजा.

एअर फिल्टरनेही चकवलं. वेग घेताना येणारी घरघर इंजिनाची वाटत होती. एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप नीट बसलेली नव्हती. सीटखालच्या इंजिन कव्हरचं फाटलेलं सील बदलल्यावर तर आत जेवढी शांतता आली तेवढी कोणत्याच ऑइलने दिली नव्हती, आणि तो रबराचा पट्टा सगळ्यांत स्वस्त.

गरम इंजिनाला हलकी टिकटिक अजून आहे. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकलं, ती इंजेक्टरची (पेट्रोल फवारणाऱ्या भागाची), तिचं ऑइलशी घेणंदेणं नाही. १०डब्ल्यू-४० ला चार. फिल्टरलाही चारच, कारण डब्यावर मायक्रॉनच्या (किती बारीक कण अडवतो याच्या) बढाया मोठ्या अक्षरात आहेत आणि झडप कशाच्या रबराची ते कुठेही छापलेलं नाही.