पोकळ भिंतीचा दावा आणि ‘नो विन, नो फी’: करार उघडून पाहिला तर

ब्रिटनमधल्या कायदा फर्म दाव्यांच्या जाहिरातीत ‘नो विन, नो फी’, म्हणजे ‘जिंकलो नाही तर फी नाही’ असं म्हणतात, तेव्हा नेमकी कोणाची फी, हा एक प्रश्न या सेवेची परीक्षा घ्यायला पुरेसा आहे. उत्तर: तुमच्या सॉलिसिटरची, म्हणजे तुमच्या वकिलाची. समोरच्या पक्षाच्या वकिलांचा खर्च त्या वाक्यात येत नाही. आणि इंग्लंड-वेल्समध्ये हरलेल्यानं जिंकलेल्याचा खर्च द्यायचा, हाच दिवाणी दाव्याचा सर्वसाधारण नियम आहे. घराच्या पोकळ भिंतीत केलेल्या भरणीमुळे ओल आली म्हणून दावे केलेल्या कुटुंबांच्या हातात हजारो पौंडांची बिलं पडली ती याच फटीतून.

भारतातून गेलेल्या माणसाला यातल्या दोन्ही गोष्टी नव्या असतात. आपल्याकडे निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, आणि हरणाऱ्यावर बसणारा कोर्टखर्च बहुतेकदा किरकोळ असतो. त्यामुळे लेस्टरला, स्लाऊला किंवा हॅरोला घर घेतलेला मराठी माणूस ‘फी नाही’ हे शब्द ऐकतो आणि धोका संपला असं समजतो. तिथं जन्मलेल्यांचाही हाच गैरसमज होतो, पण वेगळ्या कारणानं. त्यांच्या डोक्यात अपघाताचे दावे असतात. शारीरिक इजेच्या दाव्यात हरलेल्या दावेदाराला समोरच्याच्या खर्चापासून नियमानंच बरंचसं संरक्षण आहे. घराच्या नुकसानीच्या दाव्याला ते संरक्षण लागू नाही. जाहिरातीत मात्र दोन्हीकडे तेच चार शब्द असतात.

आता मूळ वस्तू पाहू. ब्रिटनमध्ये १९२० नंतरच्या बऱ्याच घरांच्या बाहेरच्या भिंती दुहेरी आहेत: दोन पडद्या आणि मध्ये साधारण ५० मिलिमीटर किंवा थोडी जास्त पोकळी. बाहेरच्या पडदीतून झिरपलेलं पावसाचं पाणी आतल्या पडदीला न लागता खाली उतरून जावं म्हणून ती पोकळी. सरकारी ऊर्जाबचत योजनांमध्ये लाखो घरांत बाहेरून २२ ते २५ मिलिमीटरची भोकं पाडून तिथं खनिज लोकर किंवा पॉलिस्टायरीनचे मणी फुंकून भरले गेले. कोरड्या, आडोशाच्या भागात त्यानं घर खरंच उबदार राहतं. पण वाऱ्याबरोबर पाऊस आडवा मारणाऱ्या पश्चिमेकडच्या भागात, सांध्यांचा मसाला झिजलेल्या भिंतीत किंवा पोकळीत विटांचे तुकडे पडलेले असताना भरणी केली, की तीच भरणी पाणी आत आणणारा पूल बनते. आतल्या गिलाव्यावर तपकिरी डाग, मग फुगवटा, मग कपाटामागे काळी बुरशी. भिंतीवर आडव्यातिडव्या ओळीत बुजवलेली, किंचित वेगळ्या रंगाची गोल ठिगळं दिसली तर तिथं भरणी झाली आहे असं समजावं.

तक्रार खरी असते, हे ठामपणे सांगायला हवं. दावे फसतात ते ओल नसल्यामुळे नव्हे. ओल कशामुळे आली हे सिद्ध होत नाही म्हणून फसतात. फुटकं पन्हाळ, तडकलेला गिलावा, बंद खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ, ही सगळी कारणं प्रतिवादीचा (बहुधा भरणी करणाऱ्या कंपनीचा) तज्ज्ञ पुढे करतो. पोकळीत बोरोस्कोप (भोकातून आत घालायचा बारीक कॅमेरा) घालून काढलेले फोटो नसलेला, शेजारच्या गल्लीतल्या अहवालाची नक्कल वाटणारा तज्ज्ञ-अहवाल तिथं टिकत नाही. दुसरं कारण मुदत. कराराच्या दाव्याला सहा वर्षं मिळतात. लपलेल्या नुकसानीसाठी हलगर्जीपणाच्या दाव्यात कळल्यापासून तीन वर्षांची वेगळी सवलत आहे, पण तिलाही पंधरा वर्षांची शेवटची हद्द आहे.

सेवेचा गाभा दोन कागदांत आहे. पहिला सशर्त फीचा, म्हणजे ‘नो विन, नो फी’चा करार. १ एप्रिल २०१३ पासून जिंकल्यावरची वाढीव ‘सक्सेस फी’ हरलेल्याकडून वसूल करता येत नाही, ती तुमच्या भरपाईतून कापली जाते. मूळ फीच्या १०० टक्क्यांपर्यंत ती लावता येते. भरपाईच्या २५ टक्क्यांवर न जाण्याची कायद्यातली मर्यादा फक्त शारीरिक इजेच्या दाव्यांना आहे. म्हणून भिंतीच्या दाव्यात ‘भरपाईच्या जास्तीत जास्त इतके टक्के’ हे वाक्य करारातच लिहिलेलं हवं.

दुसरा कागद खरा महत्त्वाचा, आणि ग्राहकाला तो बहुतेकदा दाखवलाच जात नाही. ‘आफ्टर द इव्हेंट’ म्हणजे एटीई विम्याची पॉलिसी. हरलात तर समोरच्याचा खर्च हिनं भरायचा. यात मेख अशी, की अनेकदा विमा कंपनीनं दिलेल्या अधिकारात पॉलिसी कायदा फर्मच काढून देते आणि दाव्याची प्रगतीही तीच कळवते. फर्मनं वेळेवर कळवलं नाही, जिंकण्याची शक्यता निम्म्याखाली गेल्यावरही दावा ओढत नेला किंवा पॉलिसी मुळात सुरूच झाली नव्हती, तर विमा कंपनी हात वर करते. खर्चाचा हुकूम मात्र दावेदाराच्या नावावर असतो, फर्मच्या नव्हे. सही करण्याआधी पॉलिसीचं प्रमाणपत्र थेट विमा कंपनीकडून मागवा आणि तीन गोष्टी वाचा: सुरू झाल्याची तारीख, विमा कंपनी भरेल ती कमाल रक्कम, आणि वकिलाच्या चुकीमुळे पॉलिसी रद्द होते का. तिसऱ्याचं उत्तर ‘होते’ असेल तर हे संरक्षण कागदापुरतंच आहे.

हे कुठवर जाऊ शकतं ते शेफील्डच्या एसएसबी लॉ या फर्मच्या प्रकरणात दिसलं. भिंतीच्या भरणीचे दावे मोठ्या संख्येनं चालवणारी ही फर्म जानेवारी २०२४ मध्ये आर्थिक दिवाळ्यामुळे प्रशासकांच्या ताब्यात गेली. ब्रॅडफर्ड आणि आसपासच्या तिच्या ग्राहकांना त्यानंतर प्रतिवादींच्या खर्चाच्या मागण्या आल्या. आपला दावा सोडून दिला गेला होता हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. सॉलिसिटरांवर देखरेख करणाऱ्या एसआरएनं या प्रकरणात पुरेशी, परिणामकारक कारवाई केली नाही, असा निष्कर्ष एसआरएसारख्या नियामकांवर लक्ष ठेवणाऱ्या लीगल सर्व्हिसेस बोर्डानं नेमलेल्या स्वतंत्र परीक्षणात निघाला. इतक्या साध्या माणसांची घरं पणाला लागली असताना देखरेखच ढिली पडावी, हे संतापजनक आहे.

‘दावा सोडून देणं’ हे शब्द निरुपद्रवी वाटतात. दिवाणी प्रक्रियेच्या नियम ३८.६ प्रमाणे दावा मागे घेणारा त्या दिवसापर्यंतचा प्रतिवादीचा खर्च देणं लागतो, न्यायालयानं वेगळा हुकूम दिला नाही तर. म्हणजे माघार हीसुद्धा खर्चाच्या हिशेबानं हारच. ‘माझ्या लेखी संमतीशिवाय आणि विमा कंपनीच्या लेखी होकाराशिवाय दावा मागे घ्यायचा नाही’ ही ओळ करारात घालून घ्या. चांगली फर्म याला नाही म्हणत नाही.

बिल येतं ते बहुधा जाड लिफाफ्यात. वर एन२५२ हा खर्चाची तपासणी सुरू झाल्याचं कळवणारा फॉर्म, खाली तारीखवार खर्चाचं पत्रक: पत्र किती, फोन किती, तास किती, तासाचा दर किती. फॉर्म तुमच्या हाती दिल्यापासून २१ दिवसांत हरकतींचं पत्र पाठवावं लागतं. ते गेलं नाही तर समोरचा पक्ष सुनावणीशिवायच न्यायालयाकडून पूर्ण रक्कम देणं लागत असल्याचं प्रमाणपत्र मिळवू शकतो. ही चूक सर्वांत महाग पडते, कारण हरकत घेतली तर रक्कम बऱ्याचदा खाली येते. ७५,००० पौंडांपर्यंतच्या बिलाची तपासणी आधी कागदांवरच होते. सारख्याच डझनभर दाव्यांत वापरलेलं तेच पत्र, एकाच कामाला लावलेले दोन वकील, वरिष्ठाच्या दरानं केलेलं कारकुनी काम, या ओळींवर बोट ठेवा. प्रमाणपत्र आधीच निघालं असेल तर एन२४४ अर्जानं ते रद्द करायला सांगता येतं, पण ताबडतोब. उत्पन्न कमी असेल तर अर्जाच्या फीमध्ये माफी मिळते.

गप्प बसण्याची किंमत वाढत जाते. न्यायालयीन देण्यावर बहुधा वर्षाला ८ टक्के व्याज चढतं. हुकूम नोंदवहीत चढला आणि महिन्याभरात भरला नाही, तर सहा वर्षं कर्जाच्या नोंदीवर राहतो. पुढची पायरी घरावर बोजा. म्हणून हरकती पाठवतानाच समोरच्या वकिलांना ‘विदाउट प्रेज्युडिस’ (म्हणजे हा प्रस्ताव पुढे माझ्याविरुद्ध कबुली म्हणून वापरायचा नाही) असं वर लिहून कमी रकमेचा किंवा हप्त्यांचा प्रस्ताव द्या.

तक्रारींचे रस्ते वेगवेगळे आहेत आणि एकाच वेळी चालवता येतात. विमा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे (आर्थिक सेवांच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र यंत्रणा). सॉलिसिटरच्या सेवेविरुद्ध लीगल ओम्बड्समनकडे, तिथंही फर्मला आधी आठ आठवडे द्यावे लागतात. फर्म बंद पडली असेल तरी तिच्या व्यावसायिक विम्याला सहा वर्षांचं वाढीव संरक्षण असतं, म्हणून ‘फर्मच नाही, मग काय मिळणार’ असं समजून सोडू नका. सगळ्यात आधी आपली फाइल मागवा. तिच्याशिवाय यातलं काहीच पुढे सरकत नाही. फुकट सल्ल्यासाठी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा जवळचं लॉ सेंटर गाठा. या बिलाशी लढायला म्हणून दुसऱ्या ‘नो विन, नो फी’ फर्मकडे घाईनं सही करू नका.

मग ही सेवा घ्यावी का? नुकसान मोठं, स्वतःचा तज्ज्ञ-अहवाल पक्का आणि विमा तपासलेला असेल तरच. भरणी काढून भिंत दुरुस्त करायचा अंदाज १०,००० पौंडांच्या आत असेल, तर स्मॉल क्लेम्समध्ये (लहान रकमेच्या दाव्यांची सोपी न्यायालयीन प्रक्रिया) स्वतः दावा करणं जास्त शहाणपणाचं. तिथं वाजवी वागलेल्या हरणाऱ्याला समोरच्याच्या वकिलाची फी सहसा द्यावी लागत नाही, आणि तज्ज्ञाचा खर्चही ७५० पौंडांपर्यंतच लादता येतो. त्याच्याही आधी सीआयजीएची (पोकळ भिंतीतल्या भरणीला हमी देणारी संस्था) २५ वर्षांची हमी आहे का पाहा. घर विकलं गेलं तरी ती घरासोबत राहते.

दारोदार फिरून असे दावे गोळा करणारी माणसं पुन्हा येणार आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं सांगितलं, की अलीकडच्या सरकारी योजनांतल्या बाहेरून लावलेल्या भिंत-आवरणांपैकी ९८ टक्क्यांत दुरुस्तीजोगे दोष आहेत. अनोळखी घरमालकांकडे न बोलावता जाऊन काम मिळवायला सॉलिसिटरांना एसआरएच्या नियमांनी मनाई आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाला कोणत्या फर्मनं पाठवलं, हे आधी लिहून घ्या. घरी बसून सही झालीच असेल तर करार रद्द करायला १४ दिवस मिळतात. रद्द करण्याच्या हक्काची सूचना दिलीच नसेल, तर ती मुदत बारा महिन्यांपर्यंत वाढते. तेव्हा सही चार-सहा महिन्यांपूर्वीची असली तरी तो सूचनेचा कागद आज शोधा.