एक्सपल्स २०० ४व्ही प्रो: गॅरेज नसलेल्यांची रेस बाइक

आधीच सांगतो, मायलेज किती, लूक कसा, सिटीत कशी चालते यासाठी हा रिव्ह्यू नाही, ते सगळं ढिगाने मिळतं. हा त्यांच्यासाठी आहे जे फ्लॅटमधे राहतात, खाली स्टिल्टमधे जेमतेम एका टू-व्हीलरची जागा आहे आणि ज्यांना डर्ट ट्रॅक (मातीच्या ट्रॅकवरची रेस), एंड्युरो (कच्च्या, अवघड वाटेवरची लांब स्पर्धा), रॅली यातलं काहीतरी स्वतः करायचंय. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची (स्टेडियममधे मातीच्या मोठ्या जंपवरून होणाऱ्या रेसची) पहिली रेस झाली तेव्हापासून आमच्या पुण्यात असं विचारणारी पोरं खूप वाढलीयेत, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न पैशांचा नसतोच, गाडी ठेवू कुठे हा असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे, हीरोची एक्सपल्स प्रो घे.

कारण एकच, या रेस बाइकला नंबर प्लेट आहे.

बघा, खरी मोटोक्रॉस गाडी, म्हणजे फक्त मातीच्या ट्रॅकवरच्या रेससाठी बनवलेली, समजा कावासाकीची केएक्स २५०, साधारण १०८ किलो वजन, सुंदर मशीन, पण किंमत आठ लाखांच्या आसपास आणि वर तिचं रजिस्ट्रेशन होत नाही, म्हणजे सोसायटीच्या गेटबाहेर चाकावर काढता येत नाही. ट्रॅकवर न्यायची तर दर वेळी छोटा टेम्पो किंवा पिकअप सांगा, रॅम्प ठेवा, बांधायचे पट्टे ठेवा, चढवायला दुसरा माणूस शोधा, आणि घरी आल्यावर परत हेच उलटं. बंगलेवाल्याला जमतं. आपण रविवारी पहाटे पाच वाजता टेम्पो आत घ्यायचा म्हटलं तर वॉचमन काकांपासून सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, आणि हे किती दिवस चालणार? दोन-तीन महिन्यांत माणूस कंटाळतो आणि गाडी ताडपत्रीखाली जाते, असे लोक मी पाहिलेत.

प्रो चालवत नेता येते. सीटला बॅग बांधायची, चेस्ट गार्ड आणि नी गार्ड अंगावरच चढवायचे आणि निघायचं. रॅली ऑफ महाराष्ट्र नाशिकला होते, पुण्याहून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, ऐंशी-पंच्याऐंशीच्या स्पीडला आरामात जाता येतं. त्याच्या वर पळवायची इच्छा असेल तर ही तुमची गाडी नाही, १९९.६ सीसी आणि १९ पीएसची आहे ती, हायवे खायला बनवलेली नाही.

आता साध्या एक्सपल्स ४व्ही आणि प्रोमधला फरक, कारण शोरूमवाला नीट सांगेलच असं नाही. साध्या गाडीला सस्पेन्शन ट्रॅव्हल (खड्ड्यात चाक किती वर-खाली होऊ शकतं ते) पुढे १९० आणि मागे १७० मिमी, प्रोला २५० आणि २२०, दोन्हीकडे सेटिंग बदलता येणारं. ग्राउंड क्लिअरन्स २२० चा २७० झालाय. सपाट लांब सीट, हँडल उंच करणारा रायझर, बूट घालून गिअर टाकता यावा म्हणून लांब गिअर लिव्हर, उंच गाडीला पुरेल असा लांब साइड स्टँड. आधी यातल्या बऱ्याच गोष्टी वेगळ्या रॅली किटमधे यायच्या, पण ते किट स्पर्धेपुरतं होतं, रस्त्यावर चालवायला नाही. प्रोमधे हे सगळं कंपनीतूनच बसवून पासिंगसकट मिळतं. गाडीत बदल केले म्हणून आरटीओची भानगड नाही, ट्रॅकवर गेल्यावर बदलायलाही फार काही उरत नाही. नंबर प्लेट, आरसे, इंडिकेटर काढा, ट्यूबमधली हवा कमी करा, एबीएस रॅली मोडला टाका म्हणजे बंद होतं, झालं. आरसे-इंडिकेटरचे स्क्रू एका डबीत, डबी बॅगेत.

फ्लॅटवाल्याला याचं महत्त्व जास्त का, तर आपल्याकडे काम करायला जागाच नाही. रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्याच दिलीय, वर छत आणि तीन बाजूंना भिंती, उघडं पार्किंग त्यात धरलेलं नाही. आणि सुप्रीम कोर्टानेही २०१० ला पांचाली सोसायटीच्या केसमधे स्पष्ट केलं की स्टिल्ट पार्किंग म्हणजे गॅरेज नाही, ती सोसायटीची सामाईक जागा, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. म्हणजे खाली तुमच्या नावाची पट्टी रंगवलेली असली तरी ती सगळ्यांची आहे हे डोक्यात ठेवूनच काम करायचं. एन्जिन उघडून चार दिवस तसंच ठेवणं वगैरे विसरा. जे काम दीड तासात उरकतं आणि नंतर फरशीवर डाग राहत नाही तेवढंच खाली, बाकीचं मेकॅनिककडे. प्रोचं एन्जिन साधं ऑइल-कूल्ड आहे, रेडिएटर नाही, त्यामुळे आपण स्वतः करायची कामं म्हणजे चेन, ऑइल, एअर फिल्टर, केबल, ब्रेक पॅड आणि ट्यूब.

सगळ्यात जास्त वेळ खाणार ती ट्यूब. स्पोकची चाकं आहेत, पुढे २१ इंची, मागे १८ इंची, ट्यूबचे टायर. मेन स्टँड नाहीये. त्यासाठी ट्रेल-स्टँड म्हणून एक फोल्डिंग अ‍ॅल्युमिनियमची काठी मिळते, एका बाजूला साइड स्टँड आणि दुसऱ्या बाजूला ही काठी लावली की चाक अधांतरी होतं, काम झालं की घडी करून बॅगेत. मी चाक काढतो, लिफ्टने वर आणतो आणि बाल्कनीत जुन्या चटईवर बसून ट्यूब बदलतो, खाली बसून करण्यापेक्षा शंभर पटीने बरं, उजेड असतो आणि कुणाच्या वाटेत आपण नसतो. शक्य असेल तर जास्तीची चाकांची जोडी घ्या, खडबडीत टायर त्यावर कायमचे बसवून ठेवा, दिवाणाखाली मावते. पाने टपारिया कंपनीचे पुरतात, उगाच मोठी टूल-ट्रॉली घेऊ नका, ठेवणार कुठे. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच नट आवळणारा पाना) मात्र घ्या, एक्सल अंदाजाने आवळणं बरोबर नाही, त्याच गाडीवर घरी यायचंय.

चेन साफ करायला रॉकेलऐवजी चेन क्लीनर वापरा, रॉकेलचा वास लिफ्टच्या दारापर्यंत जातो आणि मग तक्रार येते आणि ती रास्तच असते. गाडी धुणं सोसायटीत अजिबात नको, पावसाळ्यात तर एका राइडमधे घमेलंभर लाल चिखल निघतो, त्याने गटार तुंबतं. येताना वॉशिंग सेंटरला थांबायचं आणि त्या पोराला आधीच सांगायचं की चाकांच्या बेअरिंगवर आणि मागच्या लिंकेजवर (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांवर) प्रेशर मारू नकोस, पाणी आत शिरलं की ग्रीस जातं. सायलेन्सर कंपनीचाच राहू द्या. तो आवाज शेजारच्या आजी-आजोबांना पहाटे ऐकूसुद्धा येत नाही आणि हा मी गाडीचा मोठा गुण मानतो, कारण फ्लॅटमधे राहून रेसिंग करणं हे शेवटी शेजाऱ्यांच्या चांगुलपणावर चालतं.

कमी काय, तर वजन. साधारण १६० किलो म्हणजे चिखलात पडली की उचलताना जीव जातो, आणि मोठ्या जंपला ही गाडी नाहीच, सुपरक्रॉसची स्वप्नं हिच्यावर बघू नका. एंड्युरो, रॅली, रॅलीक्रॉससारखे सपाट डर्ट ट्रॅक, यासाठी आहे ती. दुसरं, एकच गाडी रेसला आणि घरी यायलाही, म्हणजे हातचं राखून चालवावी लागते. मला ते पटतं, नवीन माणसाने तसंच शिकावं. क्लच-ब्रेक लिव्हरचा एक जादा सेट आणि ट्यूब बॅगेत असल्याशिवाय निघू नये.

इन्शुरन्सबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. आपल्या नेहमीच्या मोटर पॉलिसीत ऑर्गनाइज्ड रेसिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल हे वापर स्पष्ट वगळलेले असतात, त्यामुळे इव्हेंटमधे काही तुटलं तर खर्च आपलाच, तो आधीच बाजूला काढून ठेवा. जाता-येताच्या रस्त्यासाठी पॉलिसी चालू हवीच. नॅशनल लेव्हलच्या इव्हेंटला एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) कॉम्पिटिशन लायसन्स लागतं, ते वेगळं.

२०२५ ला एक्सपल्स २१० आलीये, लिक्विड-कूल्ड, ताकद बरीच जास्त, हायवेला नक्कीच चांगली. पण रेसच्या कामाला एवढं सस्पेन्शन तयार मिळतंय आणि काम इतकं साधं आहे म्हणून मी अजून प्रोच सांगतो.

उंचीचं मात्र नीट बघा. सीट ८९१ मिमीवर आहे, साध्या गाडीची ८२५. साडेपाच फुटाच्या माणसाला दोन्ही पाय टेकणार नाहीत, एका पायावर गाडी तोलायची सवय होते पण वेळ लागतो. शोरूमला जाल तेव्हा चपलेवर जाऊ नका, ज्या बुटांनी चालवणार तेच घालून जा, आणि बसून बघायच्या आधी स्टँडवरून काढून पार्किंगमधे मागे-पुढे ढकलून बघा, कारण सोसायटीत रोज दोन स्कूटरच्या मधून ती अशीच हाताने काढावी लागणार आहे.