पत्र्याची शेड: फोम मारून वळचण बंद करावी, की फॉइल लावून उघडी ठेवावी?

आमच्या निफाडच्या आवारात दोन शेड आहेत. एक माझं सुतारकामाचं वर्कशॉप. दुसरी धाकट्या भावाची, तिच्यात ट्रॅक्टर, ब्लोअर आणि द्राक्षांचे क्रेट असतात. पत्रा दोन्हींचा एकच, उतार सारखा, भिंती विटांच्या. माझ्या पत्र्याला आतून क्लोज्ड-सेल (बंद पेशींचा) पीयू फोम, म्हणजे फवारल्यावर फुगून घट्ट होणारा पॉलियुरेथेन, मारलाय आणि वळचण, म्हणजे भिंत आणि पत्रा यांमधली फट, बंद केलीय. भावाने पत्र्याखाली बबल फॉइल (हवेचे बुडबुडे असलेली चकचकीत शीट) ताणलं, वळचण उघडी ठेवून तिला जाळी मारली आणि आढ्यावर टर्बो, म्हणजे वाऱ्याने फिरून आतली हवा बाहेर काढणारा पंखा, बसवला. कोणी विचारायला आलं की मी त्याला दोन्ही शेड फिरवून आणतो. नवी शेड उभारणाऱ्याने खरं तर पफ पॅनेलचा, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तयार पॅनेलचा, भाव आधी काढावा. हे सगळं ज्यांच्या डोक्यावर पत्रा आधीच आहे त्यांच्यासाठी.

उन्हाळ्यात दोन्ही उपाय कामाला येतात. मे महिन्यात दुपारी पत्रा साठ अंशांच्या वर सहज जातो आणि त्याची झळ थेट टाळूवर बसते. ती झळ दोन्हीकडे गेली. मी काही थर्मामीटर टांगलेला नाही, पण दुपारी दोनला माझ्याकडे रंधा मारायला उभं राहवतं, भावाच्या शेडमध्ये थोडं जड जातं. संध्याकाळी मात्र उलट होतं. तापलेल्या विटा आत उष्णता सोडत राहतात. भावाची उघडी वळचण आणि टर्बो ती बाहेर काढतात, माझ्याकडे एक्झॉस्ट चालू केल्याशिवाय कोंदट वाटतं. फॉइलबद्दल एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. त्याची वरची चकचकीत बाजू पत्र्याला टेकली की तिचा उपयोग संपतो, खरं काम खालची बाजू करते. तेव्हा दोन्ही बाजू चकचकीत असल्याचे जादा पैसे द्यायचे असतील, तर फॉइल आणि पत्रा यांत बोटभर पोकळी राहील असंच बसवून घ्या.

पावसाच्या आवाजात तुलनाच नाही. फोम पत्र्याला चिकटून बसतो, त्यामुळे पत्रा थरथरतच नाही. धो-धो पावसात माझ्याकडे फोनवर बोलता येतं.

पण माझा निर्णय ना उन्हाने केला, ना पावसाने. तो केला थंडीत पत्र्याला येणाऱ्या घामाने.

निफाडची थंडी ऐकून सगळ्यांना माहीत असते. पारा पाचच्या आसपास आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. अशा निरभ्र रात्री पत्रा आभाळाकडे उष्णता टाकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे हवेत दव असतंच, ते पत्र्याच्या खालच्या अंगाला धरतं. फोमच्या आधी माझ्याकडे सकाळी सात-साडेसातला ऊन पत्र्यावर आलं की टपटप सुरू व्हायची. थेंब पर्लिनच्या (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्टीच्या) कडेने घरंगळत यायचा आणि नेमका रंधा मशीनच्या बिडाच्या टेबलावर पडायचा. दुपारपर्यंत तिथे नाण्याएवढा नारिंगी डाग. रॉकेलचं फडकं आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन तो घासायचा, मेण चोळायचं, दुसऱ्या सकाळी शेजारीच नवा डाग. ताडपत्री झाकली तर तिच्याखाली दमटपणा कोंडून अख्खं टेबल तांबूस व्हायचं. चिकटवून क्लॅम्पमध्ये ठेवलेल्या सागाच्या फळीवर थेंब पडला तर डाग पॉलिशमधूनही डोकावतो, आणि गिऱ्हाइकाला तोच आधी दिसतो.

यावर सगळ्यांचा सल्ला एकच असतो: ‘हवा खेळती ठेवा, घाम येणार नाही.’ तो अर्धाच खरा आहे. आतली वाफ, म्हणजे ओलं लाकूड, माणसांचा श्वास, धुतलेली फरशी, यांची असेल तर उघडी वळचण ती नक्की बाहेर नेते. पण पत्रा बाहेरच्या हवेपेक्षा गार झाला असेल, तर वळचणीतून येणारी प्रत्येक झुळूक त्याला आणखी पाणी पुरवते. भावाच्या शेडमध्ये हेच दिसतं. फॉइलच्या जोडांतून हवा वर जाते, पत्र्याला दव धरतं, ते फॉइलवर पडतं, झोळ आलेल्या जागी साचतं आणि मग जोडातून एकदम ओंजळभर खाली येतं. भाऊ म्हणतो, “दादा, ट्रॅक्टरला काय होतंय?” त्याच्या जागी तेही बरोबरच आहे.

फोममध्ये गार धातूपर्यंत हवा पोचतच नाही, म्हणून टपटप थांबली. बिडावर थेट हवेतलं दव थोडं धरतंच, त्याला मेणाचा हात अजूनही लागतो. हे बंद पेशींच्या फोमचं झालं. ओपन-सेल, म्हणजे उघड्या पेशींचा, स्वस्तात मिळतो, पण त्यातून वाफ आरपार जाते, त्यामुळे पत्र्याखाली तो नको.

आता वळचणीचं. फोम मारून वळचण उघडी ठेवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. बाहेरची हवा फोमच्या खालूनच आत येणार, म्हणजे छत झाकलं आणि खिडक्या सताड उघड्या. भिंत आणि पत्रा यांमधल्या पन्हळीच्या फटीत आधी थर्माकोलचे तुकडे बसवून घेतले आणि फोमवाल्याला तिथे भिंतीपर्यंत फवारा न्यायला सांगितलं. खारी, गांधीलमाशा आणि उंदीर यांचाही रस्ता त्याने बंद झाला. भावाकडे जाळीत धूळ बसते, ती झाडायची आठवण कोणाला राहत नाही. मात्र वळचण बंद केली की हवेची सोय वेगळी करावीच लागते. उत्तरेच्या भिंतीत खाली लुव्हर (तिरप्या पट्ट्यांची झडप) आणि समोरच्या तिकोनात वर एक्झॉस्ट, असं मी केलं. पॉलिशच्या वासासाठी ते एरवीही हवंच होतं.

फोमची गैरसोय आहे, आणि ती लहान नाही. पत्रा परत काढून विकता किंवा फिरवता येत नाही. गळती झाली तर पाणी फोममागून फिरून भलतीकडेच निघतं. खर्च फॉइलच्या काही पट, आणि लहान शेडसाठी फवारणीचं मशीन आणायला ठेकेदार कुरकुरतात. सगळ्यात मोठी गोष्ट आगीची. ‘फायर रिटार्डंट’ म्हणजे न जळणारा नव्हे. पेटला तर धूर विषारी असतो. तुमच्याकडे वेल्डिंग-ग्राइंडिंग चालत असेल तर फोमवर सिमेंट बोर्ड किंवा आगरोधक कोटिंग असल्याशिवाय हा विचारच करू नये, आणि तो खर्च धरला तर फॉइल बरं असंही तुम्हाला वाटू शकेल. गोठा आणि कांद्याची चाळ यांची वळचण तर बंद करूच नका. चाळीत खालून-बाजूने वारा फिरलाच पाहिजे.

फोमच ठरला, तर एक पावसाळा पत्रा उघडा पाहून घ्या. कुठे गळतं ते खडूने खूण करून ठेवा, दसऱ्यानंतर सैल स्क्रू आणि कडक झालेले वॉशर बदला. फवारणी दिवाळीच्या आसपास, सकाळी दव पूर्ण वाळल्यावर. ओल्या किंवा धुळकट पत्र्यावर फोम धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो. एकाच दमात जाड थर मारू देऊ नका, आत फार तापतो. दोन-तीन हातांत मारायला लावा. शेडमधली यंत्रं जाड प्लास्टिकने बांधून घ्या, कारण उडालेला फोम बिडावरून निघता निघत नाही. त्या दिवशी आणि त्या रात्री शेडमध्ये कोणी थांबायचं नाही, दमा असलेल्याने तर आवारातही नाही.